१४,३०० पुस्तकांचे बारकोड एक्सेलमधून एकदम काढायचे आहेत. रेघा दिसतात, पण स्कॅनर वाचत नाही

पानखूण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, 'ब' वर्गातलं. मी तिथे सहा वर्षं काम करते. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर बसवून घेतलंय आणि आता पुस्तकांची देवघेव स्कॅनरवर आणायची आहे. दाखल नोंदवह्यांवरून (आलेल्या प्रत्येक प्रतीला क्रमांक देऊन नोंदतात त्या वह्या) आम्ही दोघींनी दोन वर्षं खपून सगळी पुस्तकं एक्सेलमध्ये चढवली. १४,३०० ओळी झाल्या. रकाने असे: दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत, शेरा.

बारकोडचा फॉन्ट मिळतो, तो लावला की काम झालं, असं एकाने सांगितलं. म्हणून 'लिब्रे बारकोड १२८' हा फुकट मिळणारा फॉन्ट उतरवून दाखल क्रमांकाच्या रकान्याला लावला. रेघा आल्या, अगदी खऱ्या बारकोडसारख्या. ६५ लेबलांच्या ए-४ कागदावर दोन पानं छापली, पण स्कॅनर त्यातलं एकही वाचत नाही. तोच स्कॅनर बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड क्षणात वाचतो, म्हणजे स्कॅनर ठीक आहे.

फॉन्ट चुकला का? की लेबल लहान पडतंय? बाहेरून करून घ्यायचं तर एका ठिकाणी दर विचारला, तो आमच्या अनुदानात बसणारा नाही. जे आहे त्यातच करायचं आहे. कृपया मदत करा.

रकाना

ताई, फॉन्ट बरोबर आहे, पण कोड १२८ हा बारकोडचा प्रकार नुसता फॉन्ट लावून तयार होत नाही. त्यात आकड्यांच्या आधी सुरुवातीचं एक चिन्ह लागतं, शेवटी समाप्तीचं लागतं आणि त्याच्या अलीकडे एक तपासणी चिन्ह लागतं. ते तपासणी चिन्ह प्रत्येक क्रमांकासाठी वेगळं निघतं. तुमच्या लेबलवर मधल्या रेघा आहेत, ही तिन्ही चिन्हं नाहीत. कुठून वाचायला सुरुवात करायची हेच स्कॅनरला कळत नाही.

गणित असं असतं. समजा फक्त '१२' छापायचं आहे. कोड १२८ मध्ये चिन्हांचे ए, बी, सी असे तीन संच असतात आणि प्रत्येक चिन्हाला ठरलेली किंमत असते. बी संचाच्या सुरुवातीची किंमत १०४. अंक १ ची किंमत १७, अंक २ ची १८. प्रत्येकाला त्याच्या जागेने गुणायचं: १०४ + (१७ × १) + (१८ × २) = १५७. त्याला १०३ ने भागून बाकी उरते ५४. ज्या चिन्हाची किंमत ५४ आहे ते तपासणी चिन्ह. १४,३०० ओळींसाठी हे सूत्राने करता येतं, पण करू नका. त्यापेक्षा सोपे रस्ते आहेत, रात्री सविस्तर लिहितो.

(इथे मी सगळे आकडे देवनागरीत लिहितोय. शीटमध्ये मात्र इंग्रजीच अंक हवेत. तुमच्या शीटमध्ये कोणते आहेत?)

पानखूण

रकानादादा, धन्यवाद. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता पाहिलं. पहिल्या साडेचार हजार ओळी माझ्या सहकारी ताईंनी भरल्यात, त्यांचा कीबोर्ड मराठी असतो. त्या सगळ्या ओळींत दाखल क्रमांक देवनागरी अंकांत आहेत. माझे इंग्रजीत आहेत. याने फरक पडतो का?

रकाना

पडतो, आणि मोठा पडतो. कोड १२८ मध्ये इंग्रजी अक्षरं, अंक आणि काही चिन्हं एवढंच बसतं. देवनागरी अंकाला तिथे जागाच नाही. क्यूआर कोडात देवनागरी बसते, साध्या पट्ट्यांच्या बारकोडात नाही.

उपाय अवघड नाही. सबस्टिट्यूट हे फंक्शन एकात एक असं दहा वेळा गुंफा, शून्यापासून नवापर्यंत, आणि उत्तर नव्या रकान्यात घ्या. मूळ रकान्याला हात लावू नका, तो पुरावा म्हणून तसाच राहू द्या.

त्या नव्या रकान्यावर बारकोड काढण्याआधी चार गोष्टी तपासा. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बारा वर्षं हेच काम करतोय आणि प्रत्येक वेळी दगा याच चार ठिकाणी झालाय.

पहिली, क्रमांकाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा. टाइप करताना स्पेसबार दाबला गेला की ती जागाही बारकोडात जाते. लेबलवर दिसत नाही, स्कॅनर ती इमानदारीने वाचतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं, असं पुस्तक नाही. लेन फंक्शन लावून लांबी बघा. चार अंकी क्रमांकाची लांबी पाच आली तर समजून जा. ट्रिम लावलं की जागा निघते.

दुसरी, सुरुवातीची शून्यं. ००४५ लिहिलं की एक्सेल ते ४५ करतं.

तिसरी फार वाईट. जुन्या नोंदवहीत '१२/३' असा क्रमांक असेल तर एक्सेल त्याची १२ मार्च ही तारीख करून टाकतं. एकदा तारीख झाली की मूळ क्रमांक परत मिळत नाही, नोंदवही उघडावीच लागते. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवला असेल तरच वाचतो. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) दुहेरी क्लिक करून उघडली तरी हेच होतं. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये ती उघडताना प्रत्येक रकान्याचा प्रकार विचारतात, तिथे 'टेक्स्ट' निवडायचं.

चौथी, दुबार क्रमांक. काउंटइफ लावा आणि एकापेक्षा जास्त येतील ते वेगळे काढा.

निवृत्त_ग्रंथपाल

पानखूण ताई, तुमचा बालविभाग वेगळ्या नोंदवहीत आहे का? बहुतेक वाचनालयांत असतो, आणि तिचा क्रमांकही १ पासूनच सुरू होतो. मग दोन पुस्तकांना एकच क्रमांक येणार.

पानखूण

हो काका, अगदी तसंच आहे. मोठ्यांची ११,९०० आणि बालविभागाची २,४००. आम्ही बालविभागाच्या क्रमांकापुढे 'बा' लिहितो.

निवृत्त_ग्रंथपाल

मग तो 'बा' बारकोडात जाणार नाही, हे वर आलंच आहे. पुस्तकाच्या पाठीवर खुशाल ठेवा.

काही जण सुचवतील की पुस्तकाच्या मागे छापलेला आयएसबीएनचा, म्हणजे प्रकाशनाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, बारकोडच वापरा. तो मोह टाळा. तुमच्याकडे एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर तिन्हींवर तोच बारकोड असतो, कोणती प्रत कोणाकडे गेली ते कळणार नाही. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांवर बारकोड सोडा, आयएसबीएनसुद्धा नसतो. आपल्याला प्रत ओळखायची आहे, आणि प्रतीची ओळख म्हणजे दाखल क्रमांक.

रकाना

काकांच्या मुद्द्यावरून एक सुचवतो. अक्षर टाळा, सहा अंकी क्रमांक करा. मोठ्यांच्या पुस्तकांसाठी १००००० + दाखल क्रमांक, बालविभागासाठी २००००० + दाखल क्रमांक. म्हणजे मोठ्यांचं ४५ नंबरचं पुस्तक १०००४५ आणि बालविभागातलं २०००४५. एका साध्या बेरजेत सुरुवातीच्या शून्याचा प्रश्न मिटतो, दोन नोंदवह्यांची टक्कर मिटते आणि क्रमांक वाचणाऱ्या माणसालाही शेवटच्या अंकांवरून मूळ दाखल क्रमांक कळतो.

याचा आणखी एक मोठा फायदा लेबलच्या रुंदीत आहे. कोड १२८ च्या सी संचात दोन अंक मिळून एक चिन्ह होतं. सर्वांत बारीक रेघेची जाडी म्हणजे एक एकक. प्रत्येक चिन्ह ११ एकक रुंद, समाप्तीचं १३. सहा अंक म्हणजे तीन चिन्हं, त्यात सुरुवात, तपासणी आणि समाप्ती धरली की ६८ एकक. दोन्ही बाजूंना दहा-दहा एकक कोरी जागा लागतेच. एकूण ८८. एक एकक पाव मिलिमीटर धरलं तर २२ मिमी. तेच बी संचात ३० मिमीच्या वर जातं, आणि कोड ३९ हा दुसरा प्रकार वापरलात तर जवळजवळ ३७ मिमी. तुमचं ६५ चं लेबल आहे ३८.१ × २१.२ मिमी. कोड ३९ त्यात कडेला टेकेल, कागद जरा सरकला की कोरी जागा संपली. सी संचात दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा उरते.

क्रमांकातल्या अंकांची संख्या सम ठेवा. विषम झाली की एक अंक जोडीविना उरतो आणि रुंदी वाढते.

गोदामकर

भिवंडीला गोदामात लेबलिंग बघतो. रोज हजारोंनी लेबलं निघतात, त्यामुळे छपाईचं दोन शब्द.

पानखूण ताई, छापताना प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' असेल तर ते काढा, शंभर टक्के आकार ठेवा. त्या एका खुणेने लेबलं पानाच्या खाली खाली सरकत जातात आणि रेघांची जाडीही बिघडते.

लेझर प्रिंटर वापरा. इंकजेटची शाई लेबलच्या कागदावर पसरते, रेघा जाड होतात, मधली पांढरी जागा भरते.

लेबलचा रोल आणि थर्मल प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर त्यात दोन प्रकार आहेत हे आधी समजून घ्या. एक नुसत्या उष्णतेने कागद काळा करतो, त्याला रिबन लागत नाही. कुरिअरच्या पाकिटावर ते चालतं, पाकिटाचं आयुष्य आठवड्याचं. पुस्तकावर नको, ऊन आणि उष्णतेने त्यावरची छपाई वाचता येईनाशी होते. दुसऱ्यात रिबन असते, तेच घ्या.

आणि २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) प्रिंटरवर एका मिलिमीटरात आठ ठिपके बसतात. रकानाभाऊंचा पाव मिलिमीटर म्हणजे बरोबर दोन ठिपके. कोणी मोठं दिसावं म्हणून ०.३ केलं तर २.४ ठिपके होतात. अर्धामुर्धा ठिपका छापता येत नाही, काही रेघा दोन ठिपक्यांच्या आणि काही तीनच्या होतात, मग स्कॅनर अडखळतो. म्हणून बारकोडचं चित्र कोपऱ्याला धरून ताणू नका. जेपीजीही नको, त्यात रेघांच्या कडा मळकट होतात.

केळफूल

मध्येच विचारते, माफ करा. रत्नागिरीजवळ आमचा बचत गट आहे, लोणची, कोकम, पापड. आम्हालाही एक्सेलमधून बारकोड काढायचे आहेत, ४० प्रकार आहेत. ८९० ने सुरू होणारे १३ अंकी नंबर आम्ही स्वतः बनवले तर चालतात का?

गोदामकर

नाही ताई, ते करू नका. ८९० ची मालिका जीएस१ इंडिया ही संस्था देते. नोंदणी करून, शुल्क भरून आपला क्रमांक घ्यावा लागतो. मनाने बनवलात तर तो दुसऱ्या कोणाचा तरी असू शकतो, आणि दुकानदाराच्या यंत्रात तुमच्या लोणच्याच्या जागी भलताच माल दिसेल. ८९० म्हणजे भारतात बनलेला माल असंही पुष्कळांना वाटतं, तसं नाही. क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ.

माल फक्त तुमच्या स्वतःच्या विक्री केंद्रात जाणार असेल तर २०० ते २९९ ने सुरू होणारे क्रमांक अंतर्गत वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत. ते वापरा. पण ते लेबल घेऊन दुसऱ्याच्या दुकानात जाता येणार नाही.

रकाना

केळफूल ताई, तेरावा अंक मनाचा नसतो, तो आधीच्या बारा अंकांच्या हिशोबाने निघतो. समजा तुमचे १२ अंक २०० ००० ००० ०१५. डावीकडून विषम जागांची बेरीज ३, सम जागांची ५. समची तिप्पट १५, अधिक ३, झाले १८. दहाच्या पाढ्यातला पुढचा आकडा २०, म्हणून तेरावा अंक २. एक्सेलमध्ये मिड, समप्रॉडक्ट आणि मॉड या तीन फंक्शननी एका ओळीत होतं.

आणि १३ अंकी क्रमांक साध्या रकान्यात टाकला की एक्सेल तो ८.९ गुणिले दहाचा घात अशा रूपात दाखवतं. तसंच सीएसव्हीत जतन केलं तर मधले अंक कायमचे गेले. 'टेक्स्ट' करून ठेवा.

केळफूल

बरं झालं विचारलं. पाकिटं छापायला टाकणारच होतो पुढच्या आठवड्यात. थांबवते. खूप आभार दोघांचे.

रकाना

आता पानखूण ताईंचं मुख्य काम. एकदम लेबलं काढायचे दोन रस्ते, दोन्हींना पैसे लागत नाहीत.

वर्ड २०१३ किंवा नंतरचं असेल तर फॉन्टची गरजच नाही. मेल मर्जमध्ये (एक्सेलच्या ओळी वर्डच्या साच्यात आपोआप भरण्याची सोय) लेबल निवडा, एक्सेल जोडा. पहिल्या लेबलमध्ये कर्सर ठेवून कंट्रोल आणि एफ-९ दाबा, महिरपी कंस येतात. त्यात मर्जबारकोड, मग रकान्याचं नाव, मग कोड१२८, असं इंग्रजीत लिहा. शेवटी उलटी तिरकी रेघ आणि टी लिहिलं की रेघांखाली आकडेही येतात. मग 'अपडेट लेबल्स' दाबलं की उरलेल्या ६४ चौकटी भरतात. १४,३०० लेबलं म्हणजे बरोबर २२० पानं. एकदम मर्ज करू नका, हजार-हजार ओळींचे गठ्ठे करा.

दुसरा रस्ता झिंट. मुक्त सॉफ्टवेअर आहे. एका साध्या मजकूर फाइलमध्ये ओळीला एक क्रमांक द्यायचा, ते प्रत्येकाचं वेगळं चित्र करून देतं. अंकांच्या जोड्या करून सी संच लावण्याचं काम ते आपणहून करतं. लिनक्स असेल तर जीलेबल्स सीएसव्हीवरून थेट पानं मांडून देतं.

कृपा करून एकदम २२० पानं छापू नका. एक पान छापा, ६५ ही लेबलं एक्सेलच्या एका कोऱ्या रकान्यात स्कॅन करा, शेजारी मूळ क्रमांक ठेवून दोन्ही सारखे आहेत का ते सूत्राने बघा. ६५ पैकी ६५ जुळले की पुढे जा.

निवृत्त_ग्रंथपाल

छपाईचं सगळं आलं, चिकटवण्याचं कोणी बोललं नाही. मी पुण्यात एका महाविद्यालयात हे काम केलंय आणि तिथे आमचे दोन महिने वाया गेले, म्हणून कळकळीने सांगतो.

पहिलं, लेबलवर पुस्तकाचं नाव हवंच. नुसता आकडा असेल तर चिकटवणाऱ्या मुलाला चूक कळणार नाही. एक लेबल चुकलं की त्यापुढची सगळी एकेक घर सरकतात.

दुसरं, लेबलं दाखल क्रमांकाच्या क्रमाने छापू नका. कपाटात पुस्तकं त्या क्रमाने नसतात. कपाट, फळी, विषय ज्या क्रमाने आहे तशी शीट आधी लावून घ्या आणि मग छापा. नाहीतर एका लेबलसाठी माणूस सगळं वाचनालय फिरतो.

तिसरं महत्त्वाचं. तुमच्या शीटमध्ये १४,३०० ओळी आहेत, कपाटात तेवढी पुस्तकं आहेत का? नोंदवहीत असलेलं पण हरवलेलं, बाद केलेलं, फाटलेलं पुस्तक बरंच असतं. त्यांचीही लेबलं छापलीत तर ती उरतात, आणि उरलेलं लेबल कुठेतरी चुकून चिकटतंच. मला विचाराल तर शीटवरून छापूच नका. १००००१ पासून सलग क्रमांकांची, नाव नसलेली लेबलं छापा, पुस्तक हातात घ्या, लेबल चिकटवा, आणि तिथेच आतल्या पानावरचा दाखल क्रमांक बघून त्या ओळीत नवा क्रमांक स्कॅन करा. जोडणी पुस्तक हातात असताना होते. पडताळणी आपोआप होते.

रकाना

काका, मोठ्या आदराने असहमत. १४,३०० पुस्तकांचं आतलं पान उघडून ओळ शोधायची, दोन बायकांना ते किती महिने लागेल? शीट दोन वर्षं खपून केली आहे, ती वापरायलाच हवी. नाव लेबलवर असेल तर पडताळणी तशीही होते.

हडसनकाठ

न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळाचं छोटं वाचनालय आहे, ९०० पुस्तकं. आम्ही काकांच्या पद्धतीने केलं, चार रविवारांत झालं. पण ९०० आणि १४,३०० यात फार फरक आहे हे मान्य. ज्या भागाची शीट खात्रीची आहे तिथे रकाना यांची पद्धत आणि संशयाचा भाग काकांच्या पद्धतीने, असं केलं तर?

पानखूण

तीन आठवड्यांनी येते आहे, उशिरासाठी क्षमस्व. जे झालं ते लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

देवनागरी अंक बदलले. मोकळ्या जागा २०० च्या वर ओळींत निघाल्या. तारखा झालेले क्रमांक ३७, ते सगळे नोंदवही उघडून पुन्हा भरले. दुबार ४१ जोड्या. त्यातल्या बऱ्याचशा अशा की जुनी नोंदवही संपून नवी सुरू करताना शेवटचं पान दोन्हींत उतरलं होतं. हे नुसती शीट बघून कधीच कळलं नसतं, पुस्तकं समोर ठेवली तेव्हा कळलं. काका, तुमचं म्हणणं तिथे पटलं.

पुस्तकांची नावं ही वेगळीच अडचण निघाली. बालविभागातली नावं आम्ही शीट भरताना एका जुन्या यादीतून घेतली होती. ती यादी दहा वर्षांपूर्वी कोणीतरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून दिली होती, युनिकोड नव्हे. लेबलवर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा आला. रूपांतर करून घेतलं, जोडाक्षरं आणि रफार हाताने दुरुस्त केले.

शेवटी हडसनकाठ यांनी सांगितलं तसं केलं. मोठ्यांच्या पुस्तकांना शीटवरून, कपाटाच्या क्रमाने लावून. बालविभागाला नाव नसलेली सलग लेबलं २००००१ पासून. तिथे शेवटचे अंक दाखल क्रमांकाशी जुळत नाहीत, पण मुलांची पुस्तकं इतकी फाटलेली आणि हरवलेली आहेत की नोंदवहीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. दिवाळी अंकांसाठी ३००००० ची मालिका राखून ठेवलीय. ते वर्षानंतर बाद होतात, त्यांचे क्रमांक मूळ पुस्तकांत मिसळायला नकोत.

पहिलं पान: ६५ पैकी ६५. मी खुर्चीतून उठून सहकारी ताईंना मिठी मारली.

आता नवीन अडचण. देवघेवीच्या टेबलावरच्या संगणकावर स्कॅन केलं की कोहाच्या चौकटीत आकडे देवनागरीत उमटतात आणि पुस्तक सापडत नाही. तेच लेबल आतल्या खोलीतल्या संगणकावर बरोबर येतं. लेबल तर इंग्रजी अंकांचंच आहे. असं कसं?

रकाना

अभिनंदन ताई! लेबल आणि स्कॅनर दोन्ही बरोबर आहेत. यूएसबी स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. तो आकडे पाठवत नाही, कोणती कळ दाबली ते पाठवतो. टेबलावरच्या संगणकाचा कीबोर्ड मराठीवर असणार, त्या मांडणीत वरच्या ओळीतल्या कळा देवनागरी अंक देतात. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर आणा आणि पुन्हा स्कॅन करा.

पानखूण

आलं! तोच प्रकार होता. ताई सभासदांची नावं मराठीत भरतात आणि कीबोर्ड तसाच राहतो. नावं भरायचं काम उद्यापासून आतल्या संगणकावर हलवतो, टेबलावरच्या संगणकावरून मराठी कीबोर्ड काढूनच टाकते. सोमवारी मोठ्यांच्या पहिल्या दोन कपाटांपासून चिकटवायला सुरुवात करतोय, कॉलेजची चार मुलं येणार आहेत.